थरथरता दंड

गेल्या भाद्रपदांत आमचा सालगडी कपाशीची फवारणी करून जुन्या जालन्यांतल्या आमच्या घरीं आला, तो ओसरीवरच बसून राहिला. तोंडाला लाळ सुटलेली, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. पण माझी नजर खिळली ती त्याच्या उघड्या दंडावर. हात मांडीवर निमूट पडलेला, आणि कातडीखालीं स्नायु मात्र ठिकठिकाणीं उडत होते.

"म्या नाही हालवत, अण्णा, आपसूक उडतंय."

त्याला दवाखान्यांत पोंचवून आल्यावर रात्रीं मीं पुस्तकें काढलीं. मज्जातंतु स्नायूला आज्ञा देतो हें शाळेंत घोकलेलें. पण त्या दोघांचा प्रत्यक्ष स्पर्श होत नाहीं, हें विसरलों होतों. आमच्या गांवाचीच तऱ्हा! अलीकडे जुनें जालनें, पलीकडे नवें, मधें कुंडलिका. ही कुंडलिका मात्र मिलिमीटरच्या सुमारें वीस हजाराव्या भागाएवढी रुंद, आणि तिच्यावर पूल नाहीं. विजेची लहर तंतूच्या टोकाशीं आली कीं तेथून ॲसिटिलकोलीन नांवाचें द्रव्य सुटतें व पैलतीरीं स्नायूचीं दारें उघडतें. मग स्नायूच्या आंत कॅल्शियम मोकळें होतें, त्यांतले बारीक धागे एकमेकांत सरकतात आणि स्नायु आखडतो. तेथला निरोप्या हें द्रव्यच, असें हेन्री डेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९३६ सालीं दाखविलें.

पण मला नवल वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. पोंचलेला निरोप लागलीच पुसावा लागतो! त्या फटींतच एक विकर असतें. तें या द्रव्याचे सेकंदाच्या हजाराव्या भागांत तुकडे करूं लागतें, म्हणूनच आवळलेली मूठ सोडतां येते. कपाशीवरचीं फॉस्फरसयुक्त विषें (आपण त्यांना औषधें म्हणतों!) नेमकें हें विकरच निकामी करतात. निरोपावर निरोप सांचतात. स्नायु आधीं उडतो, आणि पुढें हांकांच्या गोंधळांत जणूं बहिरा होऊन लुळा पडतो. श्वासाचे स्नायु लुळे पडले कीं संपलें. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले.

बाटली मींच आणली होती. त्यानें हातमोजे मागितले तेव्हां "पुढच्या खेपेस पाहूं" असें म्हणणाराहि मीच.

ॲट्रोपीननें लाळ आटली, छाती मोकळी झाली. दंडाची थरथर मात्र त्या सुयांना बधली नाहीं. डॉक्टर म्हणाले, स्नायूंवर ॲट्रोपीनचा अंमल चालत नाहीं, त्यांना दुसरें औषध चालू आहे. ती थांबेपर्यंत मी खाटेशीं बसून होतों.

घरीं आल्यावर मीं हातमोजे त्याच्यापुढें ठेवले. त्यानें ते उलटेपालटे करून पाहिले.

"यंदाची शेवटचीच होती ना अण्णा, ती फवारणी," तो म्हणाला.