हरवल्याची तक्रार

बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा मी रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत वाचल्या. रद्दीवाल्याकडून आणलेल्या, शेवटची पानं फाटलेल्या. त्याची मला फिकीर नव्हती. धनंजय आणि छोटू आहेत म्हटल्यावर गुन्हेगार सापडणारच, हे ठाऊक असायचं.

मग शेजारच्या मावशीचा पोरगा गेला. वय पंधरा. सांजच्याला स्टँडवर जाऊन येतो म्हणाला, तो आलाच नाही.

मावशीला घेऊन चौकीवर गेलो. पुस्तकात माणूस हरवलं की डिटेक्टिव्ह खुर्चीतून उठतो. इथं साहेब हललाच नाही. विचारलं, "वस्ती कुठली?" मावशीनं सांगितलं. बाबासाहेबांच्या नावाची वस्ती. मग त्याला पुढं काही विचारायची गरजच उरली नाही.

"पळाला असंल मुंबैला. पैसे संपले की येतोय."

पोराच्या अंगात शर्ट कुठला, हेसुद्धा विचारलं नाही. मावशी आपली सांगतच होती. निळा हाय सायेब, कॉलरला मीच टाका घातलाय.

दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला एका वकिलानं दिलेला कागद नेला. सुप्रीम कोर्टानं मे २०१३ मध्ये सांगितलंय, अल्पवयीन पोर हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच. पळवलंय असं धरूनच तपास करायचा. साहेबानं कागद वाचला, मग मला वरपासून खालपर्यंत वाचलं. मग लिहून घेतलं. तो नववा दिवस होता.

स्टँडवरचा कॅमेरा बघायला गेले, तर जुनं चित्र पुसून त्यावर नवं चढलेलं. म्हणे सातच दिवस राहतं.

म्हणजे पुरावा होता, दोस्तहो. तो कुणा चोरानं पुसला नाही. आम्हाला दारात ताटकळत ठेवलं, तेवढ्यात तो आपोआप पुसला.

नोएडातल्या निठारीत मजुरांची पोरं अशीच एकेक करून नाहीशी होत होती. आईबाप चौकीच्या पायऱ्या झिजवत होते. त्यांचं कुणी ऐकलं नाही. डिसेंबर २००६ मध्ये बंगल्यामागच्या नाल्यात हाडं निघाली. गरिबाची तक्रार लिहून न घेणं, हाच पहिला गुन्हा. त्याचा गुन्हेगार शोधायला डिटेक्टिव्ह लागत नाही. तो समोरच बसलेला असतो.

आता मी रहस्यकथा वाचत नाही. दर सोमवारी पाळी सुटली की मावशीबरोबर चौकीवर जातो. तपास कुठवर आला, विचारतो. काय उत्तर दिलं ते तारखेसकट वहीत लिहितो. मावशीला वाचता येत नाही, पण वही तीच सांभाळते.

या वहीचं एक पान फाटू द्यायचं नाही.