पडद्यावर आपण कोठे आहोत?

नाताळची सुट्टी लागली की घरोघरी मुलांचा मुक्काम टी.व्ही.समोर पडतो. टी.व्ही. नसेल तेथे मोबाईल असतो. शाळा बंद, आईबाप कामावर. मग पडदा हाच सोबती. ख्रिस्ती बांधवांचा हा आनंदाचा सण, त्यांना आपण मनापासून शुभेच्छा देतो. पण हा आठवडा आपलाही आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना आणि ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती. एवढा इतिहास या एका सुट्टीच्या आसपास असताना आपल्या मुलांनी सांताक्लॉजची लाल टोपी आणि मारधाडीचे सिनेमे एवढेच पाहावे, हे आम्हाला पटेना. म्हणून यंदा आम्ही घरात ठरविले की, रात्री जेवणे आटोपल्यावर सर्वांनी मिळून एक चित्रपट पाहायचा आणि मग त्यावर बोलायचे.

रोजच्या मालिकांविषयी थोडे सांगितले पाहिजे. आम्ही पाहतो त्या मालिकांच्या घरात देव्हारा असतो, सत्यनारायण असतो, वडाला फेऱ्या असतात. भगवान बुद्धांची मूर्ती दिसली तर ती दिवाणखान्यातली शोभेची वस्तू म्हणून. त्या घरात कोणी त्रिशरण-पंचशील म्हणत नाही, कोणी एकमेकांना जयभीम घालत नाही. २०१९ साली स्टार प्रवाह वाहिनीवर बाबासाहेबांच्या जीवनावर मालिका सुरू झाली, तेव्हा आमच्या वस्तीत तेवढा वेळ सगळ्या घरांतून एकच आवाज ऐकू येई. आपण पडद्यावर दिसावे याची भूक किती मोठी आहे, हे तेव्हा कळले.

पहिल्या रात्री जुना ‘सुजाता’ पाहिला. बिमल रॉय यांचा हा १९५९ सालचा चित्रपट. सिद्धार्थाला खीर देणाऱ्या सुजातेचे नाव या मुलीला दिलेले आहे. अस्पृश्य आईबापांची ही पोर ब्राह्मण इंजिनिअरच्या घरी वाढते. पण घरची बाई तिची ओळख ‘मुलगी’ म्हणून करून देत नाही, ‘मुलीसारखी’ म्हणून देते. त्या एका ‘सारखी’मध्ये सारी जातिव्यवस्था भरलेली आहे. नूतनने काम अप्रतिम केले आहे आणि दिग्दर्शकाचा हेतूही चांगला आहे. परंतु शेवटी त्या बाईला रक्त देऊन तिचा जीव वाचविल्यावरच सुजाता तिची मुलगी ठरते. आम्ही मुलांना विचारले, माणूस ठरण्यासाठी आपण रक्ताची बाटली का द्यावी? रक्तगट जुळला नसता तर ती माणूस नव्हती काय?

दुसऱ्या रात्री नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) लावला. कैकाडी कुटुंबातला जब्या, त्याचा गरीब बाप, आणि डुकरे पकडताना पाहून हसणारा सारा गाव. डुक्कर हाती लागणार तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, जब्या आणि घरची माणसे जागच्या जागी उभी राहतात आणि डुक्कर निसटते. पुढे तेच डुक्कर काठीला बांधून शाळेच्या भिंतीसमोरून नेतात, त्या भिंतीवर बाबासाहेबांचे आणि सावित्रीमाईंचे चित्र आहे. देशाचा मान राखणाऱ्या माणसांचा मान देश राखतो का, एवढेच दिग्दर्शकाने विचारले आहे. भाषण एकही नाही. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या अंगावर येतो.

चित्रपट संपला आणि आमची सातवीतली मुलगी म्हणाली, “आपली माणसं सिनेमात नेहमी मारच खातात का? मला उद्या नाही बघायचं.”

या प्रश्नाने आम्ही गप्प झालो. मुलांना आपला इतिहास दाखवायचा म्हणून आपण बसवितो, आणि त्यांच्या वाट्याला रोज अपमानच येत असेल तर ती त्या इतिहासाकडे पाठ फिरवतील. उद्या शाळेत कोणी आडनाव विचारले तर मान खाली घालतील. हा धोका लहान नाही. म्हणून पुढचे चित्रपट आम्ही एक कसोटी लावून पाहिले. अन्याय तर दिसणारच, तो लपवायचा नाही. पण अन्याय सोसणारा माणूस त्यावर काय करतो, हे शोधायचे.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) मोठ्यांनीच पाहिला, मुले मध्येच झोपली. त्याची चाल फार संथ आहे. गटारात उतरणाऱ्या कामगाराच्या मृत्यूला लोकशाहिराचे गाणे कारण झाले, असा आरोप ठेवून म्हाताऱ्या शाहिराला पकडतात. तारखांवर तारखा पडतात. शेवटी कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते, दिवे मालवतात, न्यायाधीश कुटुंबासह सहलीला जातात आणि शाहीर कोठडीतच राहतो. सुट्टीत बसून हे पाहताना आम्हाला आमच्या सुट्टीचीच लाज वाटली. शाहिराचे काम नागपूरचे चळवळीतले कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केले आहे. २०२१ साली करोनाने ते गेले. त्या चेहऱ्यावर अभिनय दिसतच नाही. कोठडी असो वा कोर्ट, हा माणूस कोणापुढे लाचार होत नाही.

त्यानंतर ‘जय भीम’ (२०२१). टी. जे. ज्ञानवेल यांचा हा चित्रपट तमिळ, पण नाव आपल्या घरातल्या नमस्काराचे! तामिळनाडूतील १९९३ सालच्या खऱ्या खटल्यावर तो आधारलेला आहे. तो खटला लढविणारे वकील के. चंद्रू पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. कोठडीतल्या छळाची दृश्ये फार भयंकर आहेत. ती आम्ही मुलांना दाखविली नाहीत, पुढे सरकविली. पालकांनी हे जरूर करावे. काहींची तक्रार असते की येथेही तारणारा वकीलच आहे. ती तक्रार अगदीच खोटी नाही. पण इरुला आदिवासी समाजाची सेंगनी नीट पाहा. पोट पुढे आलेली, नवरा बेपत्ता, हाती पैसा नाही. मोठा पोलीस अधिकारी पैसे देऊ करतो, तेव्हा ती ते नाकारते. आमची मुलगी तेथे उठून बसली. आणि शेवटी सेंगनीची लहान पोर वकिलासमोर खुर्चीत पायावर पाय टाकून वर्तमानपत्र वाचते, ते पाहून ती पहिल्यांदा हसली.

सर्वात शेवटी जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ पाहिला. तो २००० साली चित्रगृहांत आला. केरळच्या मामुट्टी यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. काही ठिकाणी चित्रपट घाईने पुढे जातो, तीन तासांत एवढे आयुष्य मावणार कसे? पण मुलीला तिच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळाले. अपमान बाबासाहेबांच्याही वाट्याला आले. ते अभ्यास करून, पाणी प्यायला हजारोंना सोबत नेऊन आणि कायदा लिहून त्यांनी परतविले. मार खाणे ही गोष्टीची सुरुवात असू शकते, शेवट नव्हे.

आमचे पालकांना एवढेच सांगणे आहे. चित्रपट मुलांच्या हाती सोपवून मोकळे होऊ नका, शेजारी बसा. संपल्यावर तीन गोष्टी विचारा. आपला माणूस नुसता रडतो की विचारही करतो? प्रश्न कोण सोडवितो, तो स्वतः की दुसरा कोणी? आणि काय दाखवायचे राहिले? रविवारी विहारात वंदनेनंतर असा एखादा चित्रपट सर्वांनी मिळून पाहिला तर खर्च नाही आणि चर्चा मात्र भरपूर होईल.

आणखी एक. नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, वडार समाजातले. तेथून निघून ते कॅमेऱ्यामागे उभे राहिले, म्हणून जब्याची गोष्ट जब्याच्या बाजूने सांगितली गेली. आपली मुले डॉक्टर, वकील, अधिकारी व्हावीत असे आपल्याला वाटते, ते योग्यच आहे. पण एखादी मुलगी म्हणाली की मला सिनेमा करायचा आहे, तर तिला हसू नका. आपली गोष्ट दुसरे सांगतील तोवर आपण ‘सारखे’च राहणार.

जयभीम!