शहाळ्याची चूक, बेल रॉकचा दिवा

‘द कोरल आयलंड’ वाचताना कोकणातला वाचक एका जागी हमखास थबकतो. बेटावरची मुलं झाडावरून नुकत्याच काढलेल्या नारळाला चाकूच्या टोकाने भोक पाडतात आणि खुशाल पाणी पितात. सोडण काढायला नको, कोयता नको! लेखक आर. एम. बॅलंटाइनने नारळ पाहिला होता तो किराणा दुकानात, सोललेला. ही चूक लहानपणापासून मनात घर करून होती. तिच्याच ओढीने प्रस्तुत लेखक एडिंबरोहून आर्ब्रोथच्या गाडीत बसला.

वाटेत बर्न्टआयलंड लागतं. 1857 साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी त्याने तिथल्या समुद्रकाठच्या घरात लिहिली. समोर फोर्थची थंडगार खाडी, डोळ्यांपुढे प्रशांत महासागर!

बॅलंटाइन 1825 सालचा, एडिंबरोतल्या छापखानेवाल्या घराण्यातला. काका जेम्स हे वॉल्टर स्कॉटचे मुद्रक, वडीलही त्याच धंद्यात. पोर वर्षाचं व्हायच्या आत, 1826 मध्ये धंदा बुडाला. त्यात अडकलेला स्कॉट लाखाहून अधिक पौंडांच्या कर्जापायी मरेपर्यंत लिहीत राहिला, आणि ज्या घरात पुस्तकं छापली जात तिथला हा मुलगा सोळाव्या वर्षी हडसन्स बे कंपनीचा कारकून होऊन कॅनडाच्या बर्फात गेला.

आर्ब्रोथमधल्या खोलीची खिडकी नीट लागत नव्हती. रात्रभर वारा आत. सकाळी 1320 च्या स्वातंत्र्यपत्रासाठी प्रसिद्ध असलेला मठ ओझरता पाहून पाय बंदराकडे वळले. तिथला सिग्नल टॉवर 1813 चा, आता संग्रहालय. समोर सुमारे अठरा किलोमीटरवर बेल रॉक. भरतीला तो खडक पूर्ण बुडतो, आणि त्याच्यावर 1807 ते 1810 या काळात रॉबर्ट स्टीव्हन्सनच्या देखरेखीखाली दीपगृह उभं राहिलं. दिवेवाल्यांचे संसार तेव्हा या टॉवरमध्ये असत. मूल झालं की इथून खूण व्हायची, असं सांगतात: मुलगा असेल तर विजार, मुलगी असेल तर परकर वर चढायचा.

नारळाच्या चुकीनंतर बॅलंटाइनने ठरवलं, आधी पाहायचं, मग लिहायचं. ‘द लाइटहाउस’साठी तो बेल रॉकवर दिवेवाल्यांबरोबर राहिला. 1865 ची ती कादंबरी दीपगृहाच्या बांधकामाचीच कथा आहे.

साहित्याचे इतिहासकार मात्र त्याला गोल्डिंगच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ची तळटीप करून मोकळे होतात. गोल्डिंगने राल्फ आणि जॅक ही नावं उचलली, बेटाचं स्वप्न उलटं केलं, हे खरंच. पण एका बेटावरून अख्खा लेखक मोजणं हा अन्याय आहे. कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणीत उतरलेला, ‘फायटिंग द फ्लेम्स’साठी लंडनच्या बंबवाल्यांबरोबर आगीवर धावलेला बॅलंटाइन या हिशेबात येतच नाही.

पुढे ॲबर्डीनला जायचं होतं. ते राहिलं, दुपारही टॉवरमध्येच गेली.