पिंपळीची संध्याकाळ आणि अंगावरची चादर

लोणावळा, महाबळेश्वर करून कंटाळला असाल तर एखाद्या वीकेण्डला बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागा. थोड्याच वेळात पिंपळी येतं. ‘बघण्यासारखं काय आहे तिथे?’ ऊस! नजर जाईल तिथवर ऊस. मला तेवढा पुरला.

दिवस कलला की मात्र गावाचे दुसरे रहिवासी हजेरी लावतात. डास. आपण शहरातली मंडळी लगेच प्लग शोधतो, मशीन लावतो, विषय संपला. पण या रस्त्यावरच्या कितीतरी जणांकडे ना प्लग असतो, ना भिंत. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून पिंपळी-लिमटेकवरून काटेवाडीला जाते. तिथे तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या घालतात. वारकरी मात्र रात्री मिळेल तिथे पाठ टेकतो. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांचं घर म्हणजे कोपी. तान्ही पोरंही तिथेच झोपतात.

मच्छरदाणी उत्तमच, पण ती टांगायला चार खुंट्या तर हव्यात! चादरीला काहीच लागत नाही. मग चादरच डासांना नकोशी केली तर?

हे झालेलं आहे, बरं का. शेवंतीच्या नात्यातल्या एका फुलात कीटकांना मारणारं द्रव्य असतं. परमेथ्रिन हा त्याचाच प्रयोगशाळेतला भाऊ. त्यात भिजवून वाळवलेल्या कापडावर डास टेकला की त्याच्या नसा गडबडतात. तो उडून जातो, नाहीतर मरतो. १९९०च्या दशकात पाकिस्तानातल्या अफगाण निर्वासितांच्या छावणीत लोकांच्या अंगावरच्या चादरीच अशा भिजवल्या. लहान मुलांमधला मलेरिया निम्म्याहून कमी झाला. नवी वस्तू नाही, नवी सवय नाही. रोजचीच चादर!

पण जपून. शेतीचं औषध आणून घरी प्रयोग अजिबात नकोत. कापड तयार, प्रक्रिया केलेलंच घ्यावं. धुण्याने आणि उन्हाने त्याचा असर उतरतो. आणि कालव्यात, ओढ्यात ते धुवायचं नाही, कारण परमेथ्रिन माशांसाठी जहाल विष आहे. शिवाय काही ठिकाणचे डास आता त्याला दाद देत नाहीत, तेव्हा साचलेलं पाणी उपसायला पर्याय नाहीच.

तुमच्या ऑफिसचा ग्रुप वारीत रेनकोट, बिस्किटं वाटतो ना? पुढच्या आषाढात, आरोग्य खात्याच्या डॉक्टरांना विचारून, यादीत अशा चादरीही घ्या. टांगायला जागा नसलेल्या माणसाला त्यांचाच आधार.