वाडीला पाणी चढेल का?

नळपाणी योजनांचं संकल्पन करताना मी ज्या सॉफ्टवेअरवर सर्वांत जास्त विसंबतो, त्यासाठी मला आजवर एक रुपयाही मोजावा लागलेला नाही. आणि माझी प्रत चोरीचीही नाही. त्याचं नाव ईपानेट. योजनेतल्या टाक्या, पंप, पाइप आणि व्हॉल्व्ह यांचं जाळं त्यात मांडलं, की कोणत्या पाइपातून किती पाणी वाहील आणि कोणत्या ठिकाणी किती दाब मिळेल ते कळतं. वरच्या वाडीला पाणी चढेल की नाही, याचं उत्तर पाइप जमिनीत पुरण्याआधीच मिळू शकतं. अभियंत्यांसाठी मोफत सॉफ्टवेअर आता पुष्कळ आहेत. मी पाण्याचा माणूस, म्हणून पाण्याचंच सांगतो.

हे गणित तसं जुनं. इलिनॉय विद्यापीठातले प्राध्यापक हार्डी क्रॉस यांनी १९३६ साली पाइपांच्या जाळ्यातला प्रवाह हाताने काढण्याची रीत मांडली, आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या ती शिकत आले. प्रत्येक फेऱ्यात प्रवाह अंदाजाने धरायचा, दाबाची बेरीज शून्य येते का पाहायचं, येत नसेल तर दुरुस्ती करून पुन्हा पहिल्यापासून. दोन फेऱ्यांचं जाळं परीक्षेत सुटतं. शंभर पाइपांचं गाव कागदावर सुटत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष कामात व्यास ठरायचे ते अनुभवाने, आणि तो अनुभव ज्याच्याकडे नसे तो शेजारच्या योजनेचं अंदाजपत्रक पुढे ओढायचा.

ईपानेट अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तयार केलं. लुईस रॉसमन हे त्याचे मुख्य कर्ते. पहिली आवृत्ती १९९३ची, दुसरी २०००ची. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी सरकारी काम म्हणून जे तयार केलं, त्यावर तिथल्या कायद्याने स्वामित्वहक्क लागत नाही; करदात्याच्या पैशातून झालेलं काम सगळ्यांचं, असा तो हिशेब आहे. म्हणून ईपानेट कोणीही उतरवून घेऊ शकतो, वापरू शकतो, त्याचा स्रोत उघडून वाचू शकतो, बदलू शकतो. बाजारातल्या कित्येक महाग पॅकेजांच्या पोटात गणित करणारा भाग याच ईपानेटचा आहे. चकचकीत पडदा, नकाशांशी जोडणी आणि अहवालाचे साचे, याचे पैसे तिथे लागतात.

मुळात ते जन्मलं पाण्याच्या शुद्धतेच्या काळजीतून. शुद्धीकरण केंद्रात घातलेलं क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत किती उरतं, पाणी पाइपात किती तास पडून राहतं, कोणत्या विहिरीचं पाणी कोणत्या घरात जातं, हे शोधायचं होतं. न्यू जर्सीतल्या डोव्हर टाउनशिपमध्ये, म्हणजे टॉम्स रिव्हर परिसरात, लहान मुलांत कर्करोगाचं प्रमाण वाढल्याचं दिसलं, तेव्हा आरोग्य यंत्रणेने १९६२ ते १९९६ या काळातली तिथली पाणीव्यवस्था ईपानेटवर पुन्हा उभी केली. दूषित झालेल्या विहिरींचं पाणी कोणत्या महिन्यात कोणत्या घरांपर्यंत किती गेलं, याचा हिशेब त्यातून निघाला. मृत्यू आणि आजाराच्या चौकशीत ज्या साधनावर भरवसा ठेवला गेला, तेच साधन आपल्या तालुक्याच्या ठिकाणी बसलेल्या शाखा अभियंत्याला फुकट मिळतं. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. आकडे सोपे करून सांगतो. डोंगराच्या पायथ्याचं एक गाव. टाकी मधल्या टेकाडावर, गावठाण खाली आणि एक वाडी पलीकडच्या चढावर. वाडीत तीनशे माणसं. योजना नवी, टाकी रोज भरते. सरपंचताईंची तक्रार एका वाक्याची होती : "साहेब, टाकी भरलेली असते, पण वाडीत हंडा भरत नाही." ग्रामपंचायतीने वाडीसाठी दुसऱ्या, मोठ्या पाइपलाइनची मागणी केली होती.

जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर धरले, तर वाडीला १६,५०० लिटर लागतात. संकल्पनात ते दोन तासांत द्यायचं ठरलं होतं, म्हणजे सेकंदाला साधारण २.३ लिटर. टाकीतली पाण्याची सर्वांत खालची पातळी वाडीपेक्षा ११ मीटर उंच. मधे ८०० मीटर एचडीपीई पाइप, व्यास ७५ मिलिमीटर. एकमजली घरांसाठी शेवटी किमान ७ मीटर दाब उरावा, असा आपल्याकडचा नियम. अहवालात वाडीचा दाब ७.५ मीटर छापलेला होता. कागदावर योजना पास.

छापील तक्त्यावरून मी ते जाळं पुन्हा ईपानेटमध्ये घातलं आणि व्यासाच्या रकान्यात ७५ पाहून थांबलो. एचडीपीई पाइपावर लिहिलेला ७५ हा बाहेरचा व्यास असतो. भिंत साडेचार मिलिमीटरची असेल, तर पाणी वाहायला आत उरतात ६६. घर्षणात वाया जाणारा दाब व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताच्या उलट्या प्रमाणात बदलतो; त्यामुळे नऊ मिलिमीटरच्या या फरकाने दाबाची घट साडेतीन मीटरवरून साडेसहा मीटरवर जाते. वाडीत उरतो साडेचार मीटर.

पण तेवढ्यानेही हंडा रिकामा राहायला नको होता. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याशी बोललो तेव्हा कळलं, की वाडीचा व्हॉल्व्ह एकच तास उघडतात, कारण गावठाणाची घाई असते. तेच पाणी निम्म्या वेळात द्यायचं तर प्रवाह दुप्पट, आणि घर्षणातली घट साडेतीन पटीहून जास्त : तेवीस मीटरच्या वर. हाताशी आहेत अकराच. म्हणजे शेवटच्या टोकाला दाब शून्यावर आणला तरी त्या तासात जेमतेम अकरा हजार लिटर जातील, आणि तेही वाडीतल्या खालच्या घरांचे नळ ओढून घेणार. वरच्या घरांत टिपूस नाही.

मग मी त्याच फाइलमध्ये वेळ वाढवून पाहिली. वाडीला तीन तास पाणी दिलं, तर त्याच ६६ मिलिमीटरच्या पाइपात घट तीन मीटरच्या आसपास येते आणि शेवटी जवळजवळ आठ मीटर दाब उरतो. नव्या पाइपलाइनची गरजच नव्हती. व्हॉल्व्हचं वेळापत्रक बदललं आणि काम भागलं. गणितातली ही तपासणी अर्ध्या तासाची होती; जाळं छापील तक्त्यावरून पुन्हा भरण्यातच सगळा वेळ गेला. मूळ फाइल मागितली होती, ती मिळाली नाही.

खंडित पाणीपुरवठा हा आपल्याकडचा खरा अवघड भाग आहे, आणि तिथे या साधनाची मर्यादा ओळखूनच काम करावं लागतं. ईपानेटच्या जुन्या आवृत्त्या असं धरून चालत, की मागणीएवढं पाणी नळातून निघणारच. दाब असो वा नसो. मग पडद्यावर दाब उणे दिसे, आणि उणे दाबाचा अर्थ न लावता काही जण पंपाची क्षमता वाढवून मोकळे होत. २०२० साली आलेल्या २.२ आवृत्तीत दाबानुसार पाणी निघण्याचं गणित आलं. दाब कमी तर पाणी कमी, हे त्यात दिसतं. तास-दोन तास पाणी येणाऱ्या आपल्या गावांसाठी हाच पर्याय निवडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. अहवालात जुन्या पद्धतीने काढलेले दाब छापणं आता थांबायला हवं.

फुकट मिळणाऱ्या सगळ्याच गोष्टींवर मात्र सारखा विश्वास टाकता येत नाही. नकाशाच्या कामाला क्यूजीआयएस उत्तम. गावाचा उपग्रह नकाशा घ्या, त्यावर रस्ते, घरं, पाइपांचे मार्ग काढा, लांब्या मोजा. उंची मात्र उपग्रहाकडून घेऊ नका. २००० साली एंडेव्हर यानाने रडारने मोजलेल्या जगाच्या उंच्या आज ३० मीटरच्या जाळीत कोणालाही मिळतात, आणि नदीखोऱ्याच्या अभ्यासाला त्या पुरतात. पण त्यातली चूक काही मीटरची असू शकते. जिथे सात मीटर दाबावर योजना पास-नापास होते, तिथे पाच मीटरची चूक घेऊन बसणं म्हणजे सगळं गणितच वाया. मोबाइलमधल्या जीपीएसची उंची त्याहून बेभरवशाची. ऑटो लेव्हल आणि स्टाफ घेऊन टाकीपासून वाडीपर्यंत चालत जाणं याला आजही पर्याय नाही. पैसे वाचले ते सॉफ्टवेअरमध्ये. ते लेव्हलिंगवर खर्च करा.

ईपानेट तुम्ही दिलेले व्यास तपासतं, निवडत नाही. कोणता पाइप कुठे वापरला म्हणजे दाबही मिळेल आणि खर्चही कमीत कमी येईल, हे शोधायला आयआयटी मुंबईत ओम दमाणी यांच्या गटाने जलतंत्र तयार केलं. ब्राउझरमध्ये चालतं, पैसे पडत नाहीत. फांद्या फुटत जाणाऱ्या ग्रामीण जाळ्यांसाठी ते नेमकं आहे : उंच्या, लांब्या, मागणी आणि पाइपांचे दर भरा, ते सर्वांत स्वस्त व्यास काढून देतं. आपल्या गावांचा प्रश्न डोळ्यांसमोर ठेवून घडवलेलं हे साधन आहे आणि आपल्याकडच्या पदविका अभ्यासक्रमात ते शिकवलं गेलं पाहिजे.

पुराचं काम करणाऱ्यांसाठी अमेरिकन सैन्याच्या अभियंता दलाचं हेक-रास आहे, तेही मोफत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा काढायला ते वापरता येतं. २०१९ आणि २०२१चे महापूर पाहिलेल्या कोल्हापूर-सांगलीच्या वाचकांना त्या रेषांचं महत्त्व वेगळं सांगायला नको. इतर शाखांच्या मित्रांसाठी आयआयटी मुंबईचाच फॉसी हा प्रकल्प आहे : पोलादी सांध्यांच्या संकल्पनाला आपल्या आयएस ८०० प्रमाणे चालणारं ओसडॅग, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना ईसिम. आणि स्पोकन ट्युटोरियलमध्ये अशा कित्येक साधनांचे धडे मराठी आवाजातही ऐकायला मिळतात. इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलांना मी आधी तिकडे पाठवतो.

पैसे देऊन घ्यावं असं काहीच नाही का? आहे. मोठ्या महानगरपालिकेत हजारो पाइपांचं जाळं, मीटरच्या नोंदी, पाच-दहा माणसांनी एकाच प्रतिकृतीवर काम करणं, अडचण आली की फोन उचलणारं कोणीतरी हवं असणं. तिथे परवाना विकत घेणं योग्यच. तीनशे नळांच्या गावासाठी नाही. आणि महाग पॅकेजची क्रॅक केलेली प्रत वापरून सरकारी योजनेचं संकल्पन करणं मला मुळीच मान्य नाही. त्यात चोरी तर आहेच, शिवाय तयार होणारी फाइल ज्याच्याकडे ते पॅकेज नाही त्याला उघडताही येत नाही.

माझ्या दृष्टीने खरा मुद्दा इथे आहे. ईपानेटची इनपुट फाइल (.inp) म्हणजे साधा मजकूर. नोटपॅडमध्ये उघडा : चौकटी कंसात मथळा, खाली एकेक ओळ. पाइपाच्या ओळीत त्याचा क्रमांक, इकडचं टोक, तिकडचं टोक, लांबी, व्यास, खडबडीतपणाचा अंक. ज्याला गणित येत नाही, पण आपल्या गल्लीत कोणता पाइप पुरला ते ज्याने पाहिलं आहे, तोही ती ओळ वाचून सांगू शकतो की इथे नव्वदचा लिहिलाय आणि बसवलाय पंचाहत्तरचा. छापील अहवालातला दाबाचा तक्ता फक्त वाचता येतो. फाइल असली तर चालवून पाहता येते. उद्या वाडीत वीस घरं वाढली तर ती वाढवून पाहता येतात. मोटार बदलली, टाकी गळायला लागली, नवी जोडणी मागायला कोणी आलं, तर त्याचा परिणाम आधी कळतो.

आज होतं असं, की योजना पूर्ण झाली की पंचायतीच्या ताब्यात येतात टाकीच्या किल्ल्या, पंपाची कागदपत्रं आणि बांधणी केलेला अहवाल. ज्या गणितावर कोट्यवधींचा खर्च झाला, ते सल्लागाराच्या लॅपटॉपमध्ये राहतं आणि लॅपटॉपबरोबर जातं. जनतेच्या पैशातून झालेल्या योजनेचं गणित जनतेकडे नसावं, याला कोणतंच सबळ कारण मला दिसत नाही. सॉफ्टवेअर महाग आहे, ही सबब तर आता उरलेली नाही.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक आणि पाणीपुरवठा समितीच्या सदस्यांना माझी विनंती आहे. पुढची योजना ताब्यात घेताना हस्तांतरणाच्या यादीत ईपानेटची फाइल लिहून घ्या, आणि ती मिळाल्याशिवाय सही करू नका. पाइप प्रत्यक्षात जसे बसले तशी ती दुरुस्त केलेली हवी. आतले व्यास भरलेले हवेत. कोणत्या आवृत्तीत चालवली आणि पाणी किती तास धरलं, हे वर दोन ओळींत लिहिलेलं हवं. जिल्हा परिषदेतल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना सांगणं आहे, की तांत्रिक मंजुरीला येणाऱ्या प्रत्येक प्रस्तावासोबत ती मागा आणि स्वतः एकदा चालवून पाहा. आणि शेजारच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकणारी एखादी मुलगी गावात असेल, तर पंचायतीने ती फाइल तिच्या हातात द्यावी. एका गावाची अशी फाइल ईमेलनेच काय, व्हॉट्सअ‍ॅपवरूनही पाठवता येण्याएवढी लहान असते.