सगळ्यांसाठी थांबणारा खेळ

ठाण्याच्या कोपरीत हवासुद्धा वाटून घ्यावी लागते. एका अंगाला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात चेंदणी कोळीवाड्याची जुनी घरं, फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वसाहत, दौलतनगरच्या पाठीला पाठ लावून उभ्या इमारती. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आपल्या घरात मोजता येतात. संध्याकाळी फोनवर वायफायची यादी उघडली, की आपल्या नावाखाली शेजाऱ्यांची नावं उमटत जातात. कुणी आडनाव दिलेलं, कुणी कुलदैवताचं, कुणी लेकीचं.

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे भाचरं जमतात. बाहेरच्या खोलीत दिवाणावर एकाचा लॅपटॉप, आतल्या खोलीत जुना डेस्कटॉप, स्वयंपाकघराच्या दाराशी चटईवर आणखी एक लॅपटॉप. ‘होस्ट कोण?’ असा पुकारा होतो आणि ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग सुरू होतो. हा खेळ १९९९ सालचा, या मुलांच्या जन्माआधीचा. मेंढ्या शोधायच्या, लाकूड तोडायचं, शेतं लावायची, तट बांधायचा आणि मग एकमेकांवर चालून जायचं. अकरा हा आकडा टाइप करून पाठवला, की सगळ्या संगणकांतून एकाच वेळी हसू फुटतं. ते ऐकून तिन्ही खोल्यांतली मुलं हसतात. यंत्रातलं कुठलं आणि पोरांचं कुठलं, ते कळेनासं होतं. सबंध सुट्टीत मला सर्वांत प्रिय असलेला आवाज तो.

हा खेळ चालतो कसा, हे समजून घ्यायला लागलो आणि त्यात गुंतत गेलो. आपण वायफायचा विचार वेगाच्या भाषेत करतो. जाहिराती तेच शिकवतात. प्रत्यक्षात ही सारी यंत्रणा थांबण्यावर उभी आहे. तिची सुरुवात हवाई बेटांवरची. १९७१ मध्ये नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई विद्यापीठात ‘अलोहानेट’ सुरू केलं. बेटांवर विखुरलेली केंद्रं मुख्य संगणकाशी रेडिओलहरींनी जोडायची होती आणि सगळ्यांना बोलायला वाट एकच. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही बोलणं वाया जाणार. त्यावर त्यांनी साधा नियम केला: टक्कर झाली, की प्रत्येकानं आपापल्या मनानं थोडा वेळ थांबायचं आणि पुन्हा बोलायचं. १९९७ मध्ये वायफायचं पहिलं प्रमाण ठरलं, तेव्हा त्यात बोलण्याआधी कान देण्याचीही शिस्त होती. लॅपटॉप आधी हवा ऐकतो. कुणी बोलत असेल तर गप्प राहतो. शांतता झाली, की एक छोटा विराम घेतो, त्यात आणखी काही क्षण मिळवतो आणि मगच आपला निरोप सोडतो. उत्तर आलं नाही, तर पुढच्या वेळी अधिक काळ थांबायची तयारी ठेवतो. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागात.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ च्या जानेवारीत परवान्याविना वापरायला खुला झाला. त्या पट्ट्यात एकमेकांना न छेदणाऱ्या वाटा जेमतेम तीन: एक, सहा आणि अकरा क्रमांकाच्या. आमच्या इमारतीत घरं किती तरी आणि वाटा तीन. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या आजोबांचं कीर्तन, समोरच्या घरातली परदेशी असलेल्या मुलाशी गप्पा आणि आमच्या मुलांची लढाई एकाच वाटेनं जातात. प्रत्येकाचा निरोप कुलूपबंद असतो, हवा मात्र सामाईक. आणि ही यंत्रं एकमेकांचे पासवर्ड ठाऊक नसतानाही एकमेकांसाठी थांबतात. जिन्यात भेट झाली नाही, तरी शेजारी दिवसभर एकमेकांना वाट देत असतात, हे कळलं तेव्हा मला या दाटीवाटीच्या वस्तीबद्दल नव्यानं माया वाटली.

खेळाच्या पोटातही हाच धर्म आहे. आठ खेळाडूंच्या शेकडो तिरंदाजांची प्रत्येक हालचाल तेव्हाच्या टेलिफोन-मोडेमवरून पाठवणं अशक्य होतं. ते कोडं कसं सोडवलं, हे पॉल बेटनर आणि मार्क टेरानो या प्रोग्रामरांनी २००१ मध्ये लिहून ठेवलं आहे. प्रत्येक संगणक सगळं युद्ध स्वतःच चालवतो. जाळ्यातून जातात त्या फक्त आज्ञा: हे घोडेस्वार तिकडे, ही माणसं शेतावर. आज्ञा तत्काळ पाळली जात नाही. ती सगळ्यांपर्यंत पोहोचावी म्हणून दोन पाळ्या जाऊ देतात आणि मग प्रत्येक संगणक ती एकाच पाळीला अमलात आणतो. एक पाळी साधारण सेकंदाच्या पाचव्या भागाची. कुणाचा संगणक दमला असेल, कुणाचा निरोप वाटेत रखडला असेल, तर सगळ्यांच्याच पाळ्या लांबतात. एकाचं काहीच आलं नाही, तर साऱ्या राज्यांतले सैनिक जागच्या जागी उभे राहतात. आतल्या खोलीतला जुना डेस्कटॉप असा अडला, की बाहेरून हाक येते, ‘थांबा रे, तिचं अडकलंय!’ खरं तर तोवर खेळ आधीच थांबलेला असतो.

त्याच लेखात आणखी एक निरीक्षण आहे. पाव सेकंदाचा उशीर खेळणाऱ्यांच्या लक्षातही येत नव्हता, अर्ध्या सेकंदापर्यंतचा चालून जात होता. त्रास व्हायचा तो घटकेत जलद, घटकेत मंद असं झालं की. संथ पण एकसारखं चालणारं त्यांना अधिक सोसत होतं. घर चालवणाऱ्या कुणालाही हे पटेल.

घरात मात्र एकसारखेपण टिकवणं सोपं नाही. कुणी लग्नाचे व्हिडिओ पाठवायला घेतले, की राउटरपाशी रांग लागते. मोठमोठी पाकिटं पुढे उभी राहतात आणि बाहेरच्या सर्व्हरवर खेळणाऱ्याचे चिमुकले निरोप त्यांच्या मागे ताटकळतात. कोपरीकरांना हे समजावून सांगावं लागत नाही. महामार्ग दोन्हीकडे रुंद आणि मधला रेल्वेवरचा पूल अरुंद, हे आम्ही वर्षानुवर्षं भोगलं आहे. तो पूल रुंद झाला तेव्हा पलीकडे पोहोचण्याचा आनंद काय असतो, तेही कळलं.

मात्र घरातल्या घरातला खेळ घराबाहेर जातच नाही. बाहेरच्या खोलीतून निघालेला निरोप राउटरपर्यंत जातो आणि आतल्या खोलीत येतो. रस्ता खणताना केबल तुटली, बाहेरचं इंटरनेट गेलं, तरी ही लढाई चालू राहते. मोठी माणसं ‘नेट गेलं’ म्हणून हातातला फोन खाली ठेवतात आणि मुलांच्या मागे येऊन उभी राहतात. काकू विचारतात, ‘तुझा रंग कुठला रे?’ आजी म्हणते, ‘त्या मेंढ्या कशाला मारता?’ त्या तासाभरात सगळं घर एका खेळात असतं.

मुलं एरवी बाहेरचे खेळही खेळतात. २०१८ मध्ये पबजी मोबाईल आला, २०२० च्या सप्टेंबरात त्यावर बंदी आली, पुढच्या जुलैत बीजीएमआय आला. त्यात शंभर जण एका बेटावर उतरतात. त्याचा थरार मी मानतो. पण तिथला सर्व्हर मागे पडलेल्यासाठी थांबत नाही. ज्याचा पिंग, म्हणजे निरोपाचा उशीर, वाढला, तो मेला. शंभर अनोळखी माणसांना एकत्र खेळवायचं तर दुसरा मार्ग नाही. घरातल्या चार जणांना आहे, आणि तो मुलांना अनुभवायला मिळावा असं मला मनापासून वाटतं. आपल्याशी लढणारा भिंतीपलीकडे आहे, तो हरला तर रडेल, आणि नंतर त्याच्याच शेजारी जेवायला बसायचं आहे, हे ठाऊक असताना जिंकणं ही वेगळी गोष्ट आहे.

म्हणून पुढच्या सुट्टीआधी कुणाला नवा, वेगवान राउटर घ्यावासा वाटला, तर जरूर घ्यावा. फक्त घरातला सर्वांत जुना संगणक त्याच्या सर्वांत जवळ ठेवावा आणि त्यापुढे सर्वांत धाकट्याला बसवावं. मग सगळ्यांचाच खेळ सुरळीत चालतो.