नात्यात कोणी आहे का?

'माय मरो, मावशी उरो' ही म्हण आपण सहज बोलून जातो. ऐकायला ती कठोर वाटते. पण ज्यांनी ती घडवली त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. आई गेली तरी लेकराला आईच्या जागी आपले असे कोणीतरी लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मातोश्री भीमाबाई गेल्या तेव्हा ते अजाण वयाचे होते. त्यांच्यावर मायेची पाखर घातली ती आत्या मीराबाईंनी. अशा मीराबाई आपल्या गावोगावी आहेत. दप्तरात मात्र त्यांची नोंद क्वचितच सापडते. माझ्या वाट्यालाही अशी एक आत्या आली. तिच्याविषयी, आणि ज्या एका प्रश्नामुळे ती आम्हाला मिळाली त्या प्रश्नाविषयी, चार शब्द लिहावेसे वाटतात.

आम्ही बीड जिल्ह्यातले. आई-वडील ऊसतोडीला जात. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसऱ्यानंतर गाव सोडायचे आणि पाडव्याच्या सुमारास परतायचे, हा नेम. ते सहा महिने मी आणि धाकटी बहीण आजीजवळ राहत असू. २०१७ च्या हंगामात फडातच आईला साप चावला. वडील परतले ते खचूनच. उचल फिटेना, दारू सुटेना. एके दिवशी ते घरातून गेले ते पुन्हा आले नाहीत. पाठोपाठ आजीला अर्धांगवायू झाला. मी बारा वर्षांचा होतो, बहीण सात वर्षांची. शाळेतल्या गुरुजींनी १०९८ या क्रमांकावर फोन केला आणि आम्हाला बालकल्याण समितीपुढे नेण्यात आले.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे निराधार मूल सापडले, की त्याला चोवीस तासांच्या आत या समितीपुढे हजर करावे लागते. अध्यक्ष आणि चार सदस्य मिळून मुलाचे काय करायचे ते ठरवतात. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानावा, असे हाच कायदा सांगतो. हे सारे मी वाचले ते कॉलेजात आल्यावर. तेव्हा एवढेच कळले, की मुलांचे बालगृह एका गावी आहे आणि मुलींचे दुसऱ्या. तेवीस दिवस आम्ही दोघे वेगळे राहिलो. तिथे पोटाला कमी नव्हते, कोणी अंगावर हातही टाकला नाही. पण आमच्या ताईला अंधाराची भीती वाटते, निजताना तिला कोणाचा तरी पदर नाही तर बोट धरावे लागते, हे तिथे कोणाला माहीत असणार?

दुसऱ्यांदा समितीपुढे गेलो तेव्हा एका सदस्य बाईंनी कागद बाजूला ठेवून मला विचारले, "बाळ, तुमच्या नात्यात कोणी आहे का?" मी आत्याचे गाव सांगितले, मारुतीच्या देवळामागे घर, एवढाच पत्ता मला येत होता.

तेवढ्यावर आत्या सापडली. अधिकारी घर पाहायला आले. दोन खोल्या, वर पत्रे, आत्याची स्वतःची तीन मुले. त्यांनी डब्यातले पीठ पाहिले, शेजाऱ्यांना विचारले, आत्याच्या मुलांशीही बोलले. त्या रात्री भावकी बसली. चुलते म्हणाले, "आमचंच भागंना." मामा गप्प होते. आत्या एवढेच म्हणाली, "पाच भाकरीच्या जागी सात थापीन. लेकरं माझ्या भावाची हायेत." मग चुलत्यांनी वर्षाला एक पोते ज्वारी कबूल केली. समितीने आम्हाला आत्याच्या ताब्यात दिले.

पुढे समाजशास्त्राच्या अभ्यासात वाचनात आले, की न्यूझीलंडने १९८९ मध्ये कायदा करून अशा बैठकीलाच मानाचे स्थान दिले आहे. तिथल्या माओरी लोकांत मूल केवळ आई-बापांचे नसते, साऱ्या गोताचे असते. म्हणून मुलाचा ताबा न्यायालयाकडून मागण्याआधी सर्वसाधारणपणे नातेवाइकांना एकत्र बोलावतात. अधिकारी आपली माहिती सांगतात आणि खोलीबाहेर जातात. मुलाचे काय करायचे ते आधी घरची माणसे ठरवतात. आमच्या आत्याच्या ओसरीवर त्या रात्री दुसरे काय झाले होते?

मात्र नातेवाइकांच्या हवाली केले म्हणजे सुटलो, असे सरकारने मानू नये. बालसंगोपन योजनेचे तेव्हा मुलामागे दरमहा ४२५ रुपये मिळत. तेही आमच्या हाती पडायला अकरा महिने लागले. मधल्या काळात आत्याने शेळी विकली. २०२१ मध्ये ही रक्कम ११०० झाली आणि २०२३ पासून २२५० आहे. रक्कम वाढली ते बरे झाले. परंतु शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर वडिलांची सही मागत, जातीच्या दाखल्यासाठी वडिलांचे कागद मागत. समितीच्या आदेशाची प्रत आत्याने प्लॅस्टिकमध्ये घालून देवाच्या फोटोमागे ठेवली होती. प्रत्येक खिडकीपाशी ती काढून दाखवावी लागे.

शिवाय नाते आहे म्हणून घर सुखाचे असतेच असे नाही. पोरक्या पोराला फुकटचा गडी समजणारे आणि पोरक्या मुलीला पंधराव्या वर्षी उजवून मोकळे होणारे नातेवाईकही मी पाहिले आहेत. म्हणून घर आधी पाहिले पाहिजे, मुलाला एकटे घेऊन विचारले पाहिजे, आणि नंतरही कोणी अधूनमधून फिरकले पाहिजे. आमच्याकडे पहिल्या दोन वर्षांत एकदाच कोणी आले. आत्या चांगली होती म्हणून निभावले.

आज बहीण दहावीच्या पुढे गेली आहे. आत्याच्या हाताला भाकऱ्यांचे चटके आहेत आणि तोंडी तक्रार नाही. पण तिच्या न तक्रार करण्यावर कोणी योजना चालवू नये.

मित्रहो, आपल्यातले कोणी उद्या शिक्षक होतील, कोणी ग्रामसेवक, कोणी फौजदार. एखादे पोरके मूल तुमच्याही टेबलासमोर उभे राहील. त्याला कुठे पाठवायचे हे ठरवण्याआधी त्याच्या नात्यात कोण आहे ते विचारा. आणि कोणी पुढे आले, तर त्या माणसाला आणखी एक प्रश्न विचारा: "तुम्हाला काय लागेल?" आमच्या आत्याला तो कोणी विचारला नाही.